आजीची अर्धी गोळी आणि नातवाचा अर्ज

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर एक काका आत आले. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे माझ्याकडे येणारे. एरवी खुर्चीत बसताच बाही वर सारणारा हा मनुष्य त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक चिठ्ठी हवी होती. चार वर्षांपूर्वीच्या तारखेची."

चिठ्ठी त्यांच्यासाठी नव्हती, नातवासाठी होती. त्या कुटुंबाच्या संमतीनेच मी ही हकिगत लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषध मात्र तेच ठेवले आहे, कारण ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे.

नातू अमेरिकेत जन्मला आणि तेथेच वाढला. अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून बाहेर पडताच संरक्षण खात्याची कामे करणाऱ्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. अट एकच होती, 'सिक्युरिटी क्लिअरन्स' मिळाला पाहिजे. सरकारची गोपनीय माहिती हाताळण्यास ही व्यक्ती विश्वासार्ह आहे, असा सरकारने पूर्ण चौकशीअंती दिलेला निर्वाळा म्हणजे हा क्लिअरन्स. त्यासाठी शंभराहून अधिक पानांचा एक अर्ज भरावा लागतो. त्याला 'एसएफ-८६' म्हणतात. त्या अर्जाच्या तेविसाव्या विभागात अमली पदार्थांविषयी प्रश्न आहेत आणि त्यांतील एक प्रश्न साधारण असा आहे : गेल्या ७ वर्षांत आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा हेतुपुरस्सर गैरवापर केला आहे काय? मग ती औषधे आपणांस लिहून दिलेली असोत वा अन्य कोणास.

हा प्रश्न वाचताच त्या मुलाला आजीची गोळी आठवली.

चार वर्षांपूर्वी तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे आला होता. दिवसरात्रीचे चक्र उलटे झाल्यामुळे त्याला झोप येईना. आजीने मायेने आपल्या डब्यातील गोळी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. गोळी अल्प्राझोलामची होती. त्या रात्री मुलगा शांत झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून मागितली. परत जाताना आजीने लाडू-चिवड्याबरोबर दोन पाकिटे त्याच्या बॅगेत घातली. तिकडे परीक्षेच्या आधी छातीत धडधडू लागले की तो एक गोळी घेई. ती संपल्यावर तिकडे निघालेल्या एका नातलगाबरोबर आणखी काही पाकिटे रवाना झाली. असे सुमारे वर्षभर चालले. पुढे गोळीवाचून झोप येईना, सकाळी हात थरथरू लागले, तेव्हा तो आपणहून विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात गेला. तेथील डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी करीत औषध बंद केले आणि समुपदेशन दिले. त्यानंतर अडीच वर्षे त्याने एकही गोळी घेतलेली नाही. हे सारे घरी कोणालाही ठाऊक नव्हते. अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा त्याने आजोबांना दूरध्वनी केला.

काकांचा हिशेब सरळ होता. डॉक्टरांनी मागील तारखेची चिठ्ठी दिली की गोळ्या नातवाला लिहून दिलेल्या ठरतील, म्हणजे गैरवापराचा प्रश्नच मिटला. मी नकारार्थी मान हलवली तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गोळी तुम्हीच लिहून दिली होती ना, डॉक्टर?"

या वाक्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. आधी नकाराचे कारण सांगतो.

मागील तारखेची चिठ्ठी ही खोटी चिठ्ठी होय. आपल्याकडील २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार खोटे वा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदणीतून काढले जाऊ शकते. पण माझी नोंदणी क्षणभर बाजूला ठेवू. त्या चिठ्ठीने मुलाचे अधिक नुकसान झाले असते आणि ते कसे, हे काकांना समजावण्यासाठी मला त्या नियमांच्या खोलात जावे लागले. ते नियम गोपनीय नाहीत. नातवाने मला ते पाठवले आणि दोन रात्री मी ते वाचत बसलो. मी वकील नाही. तेव्हा पुढील मजकूर एका डॉक्टरने समजून घेतलेला आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावा.

नियम काय म्हणतात

८ जून २०१७ पासून अमेरिकेतील सर्व सरकारी खात्यांना क्लिअरन्ससाठी एकच नियमावली लागू आहे. तीत तेरा निकष आहेत. परकीय संबंध, कर्जबाजारीपणा, मद्यपान, गुन्हे, मानसिक स्थिती असे एकेक निकष असून अमली पदार्थ आणि औषधांचा गैरवापर हा त्यांपैकी एक आहे. गैरवापर याचा अर्थ ज्या कारणासाठी व ज्या पद्धतीने औषध दिले गेले त्याहून वेगळ्या रीतीने ते घेणे. दुसऱ्याचे औषध घेणे त्यात येते, आणि स्वतःचे औषध सांगितलेल्या मात्रेहून अधिक घेणे हेही त्यात येते.

एवढे वाचून काका खचले. परंतु त्याच पानावर पुढे, कोणत्या परिस्थितीत हा दोष सौम्य मानावा, हेही लिहिलेले आहे. घटना जुनी असेल, क्वचित घडलेली असेल, अथवा पुन्हा घडण्याचा संभव नसलेल्या परिस्थितीत घडलेली असेल. त्या व्यक्तीने ती कबूल करून सोडून दिल्याचा पुरावा दिला असेल, जुनी संगत व वातावरण बदलले असेल, यापुढे गैरवापर करणार नाही असे लेखी दिले असेल. उपचार पूर्ण केले असतील आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचे मत अनुकूल असेल, तर या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने धरल्या जातात. एक तरतूद तर खास डॉक्टरी औषधांसाठीच आहे. गंभीर वा दीर्घ आजारात ज्यांना अशी औषधे लिहून दिली गेली, त्यातून ज्यांच्याकडून गैरवापर झाला आणि पुढे तो थांबला, त्यांच्या बाबतीत ही पार्श्वभूमी विचारात घेतली जाते. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक गोळ्या सुटत नाहीत असे रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. हे कलम लिहिणाऱ्यांनीही ते पाहिले असावेत.

किती वर्षे उलटली म्हणजे जुने झाले, याचा ठरावीक आकडा मात्र नियमावलीत नाही. माणसाचा समग्र विचार करावा असे तत्त्व आहे. त्या वेळी त्याचे वय काय होते, गोष्ट किती वेळा घडली, तो स्वखुशीने त्यात पडला काय, नंतर सुधारला काय, आणि या गोष्टीवरून पुढे कोणी त्याच्यावर दबाव आणू शकेल काय, हे पाहिले जाते. यातील शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. लपवलेली गोष्ट हाती लागलेला मनुष्य ती उघड करण्याची धमकी देऊ शकतो. जी गोष्ट स्वतःच सांगून टाकली आहे, तिच्यावरून धमकावणार कोण? अर्थात, शंका उरल्यास निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूने द्यावा असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे खरे सांगितले म्हणजे क्लिअरन्स मिळतोच, अशी हमी कोणी देऊ नये. काही खात्यांचे भरतीचे स्वतःचे नियम याहून कडकही असतात.

खोटेपणासाठी मात्र निराळा निकष आहे. अर्जात जाणूनबुजून काही लपवणे वा खोटे लिहिणे हा वैयक्तिक वर्तनाचा दोष ठरतो. शिवाय सरकारी अर्जातील खोटे विधान हा संघीय कायद्याखाली ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. याउलट तेविसाव्या विभागातील वैयक्तिक वापराविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरे दिल्यास ती उत्तरे पुढे फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन अर्जातच छापलेले आहे. तेथील संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाचे निर्णय अर्जदाराचे नाव वगळून प्रसिद्ध होतात. त्यांतील काही मी वाचले. गैरवापराच्या जोडीला अर्जातील लपवाछपवीचा आरोप आला की प्रकरण किती अवघड होते, हे त्यांत दिसते. जो मुलगा अडीच वर्षांपूर्वी आजारातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, त्याच्या हाती आज मी खोटी चिठ्ठी दिली असती तर जुन्या चुकीवर ताजी चूक चढली असती.

काकांच्या मनात आणखी एक भीती होती. समुपदेशन घेतल्याचे कळले तर मुलाला 'वेडा' ठरवतील काय? नियमावलीत याचेही उत्तर आहे. केवळ मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन घेतले एवढ्यावरून कोणताही प्रतिकूल निष्कर्ष काढता येत नाही. या मुलाच्या बाबतीत तर आरोग्य केंद्रातील ती नोंद हाच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा होता. तो कधी गेला, मात्रा कशी कमी झाली, कधी पूर्ण थांबली, हे सारे तेथे तारीखवार लिहिलेले होते. ती कागदपत्रे मागवून घ्यावी आणि अशा प्रकरणांचा अनुभव असलेल्या वकिलास भेटूनच अर्ज भरावा, असे मी सुचवले. गोळ्या देशाबाहेरून मागवल्या गेल्या होत्या, तेव्हा वकिलाचा सल्ला आवश्यकच होता. औषधे मिळवणे व हाताळणे यांविषयीही त्या अर्जात प्रश्न आहेत.

माझा वाटा

आता काकांच्या वाक्याकडे येतो. होय, गोळी मीच लिहून दिली होती.

काकूंची धाकटी बहीण वारली तेव्हा त्यांना झोप येईना. मी अल्प्राझोलाम दिले, पंधरा दिवसांसाठी. पुढच्या भेटीत काकू म्हणाल्या, बरे वाटते, आणखी थोडे दिवस द्या. मी दिले. त्यानंतर रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर तीही गोळी 'तेच चालू ठेवा' या दोन-तीन शब्दांखाली गेली आणि अकरा वर्षे तेथेच राहिली. दवाखान्यात बाहेर वीस माणसे बसलेली असताना चालू असलेली गोळी चालू ठेवणे हे डॉक्टरला सर्वांत सोपे असते. ती बंद करायची तर वेळ द्यावा लागतो, रुग्णाची नाराजी सोसावी लागते. मी तो वेळ दिला नाही. काकू महिन्याची चिठ्ठी घेत, पण रोज गोळी घेत नसत; उरलेल्या गोळ्या डब्यात साठत गेल्या. नातवाच्या बॅगेत गेली ती हीच शिल्लक.

वाचकहो, आपल्या घरच्या डब्यात अशी शिल्लक आहे काय, हे आजच पाहावे. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. तीव्र वेदनेसाठीचे ट्रामाडोल. कोडीन असलेली खोकल्याची औषधे. आपल्याकडे यांतील बहुतेकांवर 'शेड्यूल एच-१'चे बंधन आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे अशा औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत सूचना छापलेली असते आणि औषधविक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंदवही ३ वर्षे जपावी लागते. ट्रामाडोल अमेरिकेत २०१४ साली नियंत्रित औषधांच्या यादीत गेले. आपल्याकडे २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. अल्प्राझोलाम दोन्हीकडे नियंत्रित आहे. तरीही आपल्या घरांत ही पाकिटे ओव्याच्या डबीइतक्या सहजतेने हातोहात फिरतात. शेजारणीला झोप येत नाही, द्या एक. सुनेची पाठ दुखते, माझी गोळी घेऊन बघ. देणाऱ्याच्या मनात मायेवाचून दुसरे काही नसते, म्हणूनच ही सवय मोडणे कठीण जाते.

येथे एक खुलासा अत्यावश्यक आहे. अन्यथा हा लेख वाचून कोणी आजच गोळी बंद करील. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, सांगितल्या मात्रेत औषध घेणे म्हणजे गैरवापर नव्हे. दीर्घकाळ घेतल्याने शरीराला त्याची सवय झाली असली, तरी तो रुग्णाचा दोष नव्हे. शरीराचे अवलंबित्व आणि गैरवापर या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि अल्प्राझोलामसारखे औषध बरीच वर्षे घेऊन एकाएकी थांबवल्यास तीव्र अस्वस्थता, कंप, प्रसंगी फिटसुद्धा येऊ शकते. ते बंद करायचे असते ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी सावकाश, काही आठवडे वा काही महिने घेऊन. वृद्धांमध्ये या गटातील गोळ्यांमुळे तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे, विसराळूपणा वाढणे, हे धोके मोठे आहेत. त्यातच ट्रामाडोलसारखे औषध किंवा मद्य सोबत असेल तर श्वसन मंदावण्याची भीती असते. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "ही गोळी मला अजून लागते का?" माझ्यासारख्याला कोणी तरी हे विचारायला हवे होते.

घरात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे करावे. या विशिष्ट गोळ्या रोजच्या डब्यातून वेगळ्या काढून कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. पाकिटावर पेनाने तारीख घालावी, आठवड्यातून एकदा मोजाव्यात. मोजणी म्हणजे घरच्यांवर संशय नव्हे. गॅसचा सिलिंडर कधी संपला हे आपण दिनदर्शिकेवर लिहितोच. जी गोळी रोज लागत नाही तिची महिनाभराची चिठ्ठी घेऊ नये. परदेशी मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांनी आपली औषधे मूळ वेष्टनात, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीसह, प्रवासाच्या मुदतीपुरतीच न्यावीत. प्लास्टिकच्या डबीत सगळ्या गोळ्या एकत्र काढून नेऊ नयेत. दुसऱ्याचे पार्सल म्हणून कोणी औषध दिले तर नम्रपणे नकार द्यावा. तिकडून येणाऱ्या नातवंडांना झोप आली नाही तर गरम दूध द्या, सकाळी लवकर उठवून उन्हात फिरायला न्या, आणि दोन-चार दिवस वाट पाहा. प्रवासाचा शीण औषधाविना उतरतो.

आणि घरातील एखादा तरुण अथवा ज्येष्ठ अशा गोळीत अडकला आहे असे लक्षात आले, तर पहिला प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा नसावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था आपल्याकडे आहेत. वेळेवर घेतलेल्या उपचाराची नोंद पुढे किती उपयोगी पडते, हे या मुलाच्या प्रकरणात आपण पाहिलेच.

अर्ज गेल्यानंतर

मी चिठ्ठी दिली नाही. त्याऐवजी एक पत्र दिले, खऱ्या तारखेचे. त्यात लिहिले की काकूंना हे औषध मी इतकी वर्षे लिहून देत होतो, ते नातवाला मी कधीही लिहून दिलेले नाही, आणि कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे त्या गोळ्या याच साठ्यातील होत्या. ते पत्र वापरायचे की नाही, हे त्याच्या वकिलाने ठरवावे असे सांगितले. ते लिहिताना माझा हात जड झाला होता, हे कबूल करतो.

काकूंना हे सर्व कसे सांगावे, याचीच काकांना अधिक चिंता होती. शेवटी नातवाने स्वतःच सांगितले. दोन दिवस काकू कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या, पिशवीतून सगळी पाकिटे काढून माझ्या टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, "मोजा." छप्पन्न गोळ्या निघाल्या. त्याच दिवशी आम्ही मात्रा कमी करण्याचे वेळापत्रक आखले. पहिल्या महिन्यात त्यांना झोप फार कमी लागली, चिडचिड झाली, एकदा फोनवर त्यांनी माझी चांगलीच कानउघाडणीही केली. आता त्या आठवड्यातून दोनदा पाव गोळीवर आल्या आहेत.

नातवाने अर्जात 'होय' वर खूण केली आणि खाली सर्व काही लिहिले : कोणते औषध, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणाकडून मिळाले, कसे थांबवले. आजी-आजोबांची नावे तशीही त्या अर्जात होतीच, कारण परदेशी नागरिक असलेल्या आणि जिव्हाळ्याचे, सततचे संबंध असलेल्या माणसांची माहिती तेथे द्यावी लागते. काही आठवड्यांनी चौकशी अधिकाऱ्याने त्याला मुलाखतीस बोलावले. त्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी, त्याने आजीला फोन केला. काकूंनी आधी जेवलास का विचारले आणि मग मुद्द्यावर आल्या.

"गोळी कुणी दिली, असं विचारलं का रे त्यांनी?"

"विचारलं. मी म्हटलं, आजीने."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही, आजी. लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला."